तिसरा रकाना

पहिल्या दिवशी मी विभागप्रमुखांच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "सर, मी आलो."

आमच्याकडं बायकासुद्धा असंच बोलतात. बिद्रीजवळच्या आमच्या गावात आई, आत्या, चुलत्या, सगळ्याच 'मी गेलतो, मी जेवलो' म्हणतात. बाहेरच्या माणसाला त्याचं हसू येतं. सरही हसले, पण म्हणाले, "आलो म्हण, आले म्हण, मला काही फरक पडत नाही. वेळेवर येत जा म्हणजे झालं." तेवढ्या बोलण्यानं मी त्यांची होऊन गेले.

शेजारच्या खुर्चीत दुसरी मुलगी बसली होती. कोल्हापुरातल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया शिकायला त्या वर्षी दोनच जागा होत्या. एक तिला मिळाली होती, एक मला. ती गडहिंग्लजकडची. घरी कन्नड, बाहेर मराठी. आईला अव्वा म्हणायची आणि फोनवर बोलताना एका वाक्यात दोन्ही भाषा आणायची. हॉस्टेलवर आम्हाला एकच खोली मिळाली.

सरांनी त्या दिवशी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर तीन चौकोन काढून आम्हाला आमची तीन वर्षं समजावून सांगितली. पहिलं वर्ष वॉर्डाचं. पेशंट दाखल करायचा, त्याची सगळी हकीकत लिहून घ्यायची, रक्त काढायचं, ड्रेसिंग करायचं, घरी सोडताना कार्ड लिहायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये यायचं ते भिंतीला टेकून बघायला. दुसऱ्या वर्षी भूल, हाडं, अपघात असे बाकीचे विभाग फिरून यायचं आणि ऑपरेशनला मदतीला उभं राहायचं. तिसऱ्या वर्षी सुरी आमच्या हातात. "मी टेबलाच्या पलीकडं असेन," सर म्हणाले, "पण हात तुमचे."

शिवाय सोमवारी एक केस सगळ्यांसमोर मांडायची, गुरुवारी एखादा नवा लेख वाचून दाखवायचा, तीन वर्षांत एक प्रबंध लिहायचा. आणि जे जे केलं ते लॉगबुकात नोंदवायचं. जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक ऑपरेशनपुढं तीन रकाने: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. प्रत्येक ओळीला सरांची सही.

रुग्णालयात सरांचे खाजगी पेशंट वेगळे असत. जनरल वॉर्डातल्या काही खाटा मात्र शिकवण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. तिथल्या पेशंटांची साधी ऑपरेशनं, म्हणजे हर्निया, अपेंडिक्स, अंगावरच्या गाठी, ही तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरांनी सरांच्या देखरेखीखाली करायची, असा नियम होता. नियम सरांनीच आम्हाला वाचून दाखवला.

पहिलं वर्ष पायांचंच गेलं. वॉर्डातून लॅब, लॅबमधून एक्स-रे, तिथून परत वॉर्ड. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा चलाख होती. गाठ मारायला ती आधी शिकली आणि तिनं मला शिकवलं. दुपारी जरा मोकळीक मिळाली की आम्ही खोलीतल्या बादलीच्या कडीला दोरा अडकवून एका हातानं गाठी मारायचो. थोड्या दिवसांत त्या कडीला गाठींची वेणीच झाली होती.

त्याच वर्षी आईच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. सरांनी मला बोलावून सांगितलं, "आईला घेऊन ये. मी करतो." ऑपरेशनच्या दिवशी मला त्यांनी थिएटरमध्ये येऊ दिलं नाही. "आज तू डॉक्टर नाहीस," म्हणाले, "बाहेर बाबांजवळ बस." ऑपरेशन झाल्यावर डोक्यावरची टोपीही न काढता ते स्वतः बाहेर आले, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही काळजी करू नका." वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी नुसते हात जोडले. आई बरी होऊन घरी गेली आणि गावभर सरांचं नाव घेत फिरली.

दुसऱ्या वर्षी मी टेबलाजवळ पोचले. जखम उघडी धरून ठेवायचं हत्यार दोन-दोन तास धरून मनगटं भरून यायची, पण सर काय करतात ते जवळून दिसायचं. त्यांचा हात खरंच सुंदर होता. घाई नाही, एक हालचाल वाया जायची नाही. मधूनच विचारायचे, "आता मी कुठं आहे?" मी शिरेचं नाव सांगायचे. बरोबर असलं की मान हलवायचे. मला वाटायचं, पुढच्या वर्षी हे हात माझे.

तिसरं वर्ष सुरू व्हायच्या सुमाराला सरांचा मुलगा परराज्यातून सर्जरी शिकून परत आला आणि आमच्याच विभागात रुजू झाला. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा, आमच्याबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचा. पण त्यालाही हात बसवायचा होता आणि खाजगी पेशंट त्याच्याकडं अजून येत नव्हते. पहिल्या सोमवारी थिएटरच्या फळ्यावर जनरल वॉर्डातलं हर्निया लागलं होतं. सर्जन म्हणून सरांच्या मुलाचं नाव, मदतीला माझं.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुझं लावतो."

पुढच्या आठवड्यात अपेंडिक्स होतं. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला पाठीवरची चरबीची गाठ काढायला मिळाली. ती इतकी खूश झाली की संध्याकाळी आम्ही दोघी रंकाळ्यावर जाऊन भेळ खाऊन आलो. मला पुढच्या महिन्यात पायाच्या अंगठ्याचं नख काढायला मिळालं. सहा महिने असेच गेले. "पुढच्या आठवड्यात" हे सर इतक्या मायेनं म्हणायचे, की पुन्हा विचारायची मलाच लाज वाटायची.

मग तपासणीचं पत्र आलं. अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या संस्थेकडून दोन डॉक्टर येणार होते. शिकवायच्या खाटा आहेत का, ग्रंथालय आहे का, आणि मुलांना खरंच ऑपरेशनं करायला मिळतात का, हे बघायला. त्यांनी नापसंती दाखवली तर आमच्या जागाच रद्द होण्याची भीती होती.

सरांनी आम्हा दोघींना दुपारी बोलावलं. दोन्ही लॉगबुकं त्यांच्या टेबलावर होती. तिसरा रकाना जवळजवळ कोरा होता.

"हा रकाना असा बरा दिसत नाही," सर म्हणाले. "जनरल वॉर्डातली झालेली ऑपरेशनं दोघींत वाटून घ्या आणि इथं लिहा. मी सह्या करतो. तपासणी एकदा होऊ दे, पुढच्या महिन्यापासून सोमवारची यादी तुमची. शब्द देतो."

मैत्रीण म्हणाली, "हो सर."

थिएटरच्या शेजारच्या खोलीत बसून आम्ही ते लिहिलं. ती रजिस्टरमधून पेशंटचं वय, दाखल क्रमांक आणि ऑपरेशन वाचायची, त्यातलं एक मी माझ्या वहीत लिहायचे, पुढचं ती तिच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून मी सावकाश लिहीत होते. थिएटरच्या सिस्टर कपाटात हत्यारं लावत होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या, उचगावच्या. जरा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यातलं कंचं हर्निया तुमी केलासा ओ? मी हुतो की समद्यास्नी."

मैत्रीण हसली. मी मान खाली घालून लिहीत राहिले. सिस्टर कपाटाला कुलूप लावून गेल्या.

तपासणीच्या दिवशी एका डॉक्टरांनी माझं लॉगबुक उघडलं आणि विचारलं, "ही सगळी तुम्ही स्वतः केलीत?"

सर माझ्या शेजारी उभे होते. मी म्हणाले, "हो सर."

यात मला कुणी फसवलं नाही. ते खोटं माझं होतं आणि मी ते पूर्ण शुद्धीत बोलले. पण तेव्हा मला वाटत होतं, मी हे सरांसाठी बोलतेय आणि सर माझ्यासाठी शब्द पाळतील.

पुढचा महिना आला. सोमवारच्या यादीवर सरांच्या मुलाचंच नाव होतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मी खोलीत जाऊन विचारलं तेव्हा सर पहिल्यांदाच तुटक बोलले. "इतकी घाई कसली? पास झाल्यावर आयुष्यभर हेच करायचंय."

त्या रविवारी सकाळी आम्ही दोघी कळंबा तलावावर फिरायला गेलो. बांधावर बसल्यावर मी तिला म्हणाले, "आपण पास होऊ. पाटी लावू. आणि पहिला पेशंट टेबलावर आला की काय करायचं?"

"मला पण हेच वाटतं गं," ती म्हणाली. "मला तर झोप लागत न्हाई."

"रुग्णालयाच्या शैक्षणिक समितीकडं अर्ज देऊ. भांडायचं नाही. फक्त सांगायचं की आम्हाला शिकवा."

"दोघींनी मिळून," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला. "तू एकटी जायचं न्हाईस."

अर्ज मी लिहिला, तिनं वाचून दोन शब्द बदलले. सह्या दोघींच्या. समितीनं गुरुवारची वेळ दिली.

गुरुवारी समितीच्या खोलीत लांब टेबलामागं रुग्णालयाच्या संचालकबाई, दुसऱ्या एका विभागाचे प्रमुख आणि कडेला सर बसले होते. संचालकबाईंनी अर्ज वाचला आणि आधी मैत्रिणीला विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मॅडम, माझी तशी काही तक्रार नाही. मला शिकायला मिळतंय. हिनं फार आग्रह केला म्हणून मी सही केली."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संचालकबाई माझ्याकडं वळल्या. मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. थिएटरमध्ये मी काय काय केलं आणि काय केलं नाही. सरांनी मध्ये तोंड घातलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी बॅगेतून माझं लॉगबुक काढलं, ते पान उघडलं आणि टेबलावर माझ्याकडं सरकवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि तपासणीला आलेल्यांनी विचारल्यावर तू काय सांगितलंस?"

ते मोठ्यानं बोलत नव्हते. आवाजात तीच माया होती. "मॅडम, मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "प्रबंध, परीक्षा, ताण फार असतो. मी हे मनावर घेत नाही. तुम्हीही घेऊ नका."

मी म्हणू शकले असते की हे तुम्हीच लिहायला लावलंत. पण साक्षीला होती ती एकच आणि ती खिडकीबाहेर बघत होती. सिस्टरांचं नाव घ्यावं असं क्षणभर मनात आलं. त्यांची नोकरी संपायला काही वर्षंच उरली होती. मी नाव घेतलं नाही.

खोलीवर आल्यावर मी तिला एवढंच विचारलं, "कधी ठरवलंस?"

"काल संध्याकाळी सरांनी बोलावलं होतं," ती म्हणाली. कॉटवर बसून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "परीक्षा त्यांच्या हातात आहे असं नव्हे, पण प्रबंधावर सही त्यांचीच लागते. घरी अव्वा एकटी आहे. मी आणखी एक वर्ष घालवू शकत न्हाई."

"मग मला काल रात्रीच का सांगितलं नाहीस? मी एकटी गेले असते."

ती रडायला लागली. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी फळ्यावर हर्निया होतं. सर्जन म्हणून तिचं नाव. मदतीला माझं. मी हात धुतले, गाऊन घातला आणि तिच्यासमोर उभी राहिले. सुरी तिच्या हातात होती. पलीकडून सर सांगत होते, हळू, आता इथं, शाब्बास. सगळं अगदी त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं.

शनिवारी वडील हॉस्टेलवर आले. न सांगता ते कधी येत नसत. सोबत आई होती.

"सरांचा फोन आलता," वडील म्हणाले. "तुझ्या डोक्याला तरास झालाय म्हणत हुते. थोडे दिस घरला न्या म्हणाले."

मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. वही, तपासणी, समिती. वडील जमिनीकडं बघत ऐकत होते. आई मात्र ऐकत नव्हती, हे मला दिसत होतं. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली, "त्या माणसानं मला उठवून बसीवलं. माझ्या पोटाला हात लावताना देवाचं नाव घेतलं त्यांनी. त्यास्नी मी वाईट कसं म्हणू? तूच कायतरी चुकीचं बोलली असशील."

"आई, मी खोटं बोलतेय का?"

"खोटं न्हाई गं. पण लहान हायस तू."

वडिलांनी जाताना मला बाजूला घेतलं. "तीन महिने ऱ्हायलं नव्हं? गप बसून काढ," म्हणाले. समितीच्या खोलीतलं मी सोसलं होतं. त्या दिवशी गेटपाशी त्यांची रिक्षा वळताना बघून मात्र मी तिथंच कट्ट्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाही.

ते तीन महिने मी गप्प बसूनच काढले. वॉर्डात कामापुरतं बोलायचे, खोलीत तेवढंही नाही. सरांनी प्रबंधावर सही केली. एकही शब्द न बोलता, पेनाचं टोपण उघडून, योग्य जागी. परीक्षेत तोंडी प्रश्नांची उत्तरं मी चांगली दिली. हर्नियाच्या ऑपरेशनच्या पायऱ्या मला विचारल्या आणि मी न अडखळता सांगितल्या. पास झाले.

नोकरी मिळाली ती सीमाभागातल्या एका लहान रुग्णालयात, जिथं अर्धे पेशंट कन्नड बोलतात. तिथले मुख्य सर्जन निवृत्तीला आलेले, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी हर्नियाचा एक पेशंट माझ्या नावावर लावला. दूध संकलन केंद्रावर कॅन उचलणारा चाळिशीतला माणूस.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सांगितलं, "सर, माझ्या लॉगबुकात हर्निया आहेत. पण मी एकही केलेलं नाही."

मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी विचारलं, "बघितलीत किती?"

"पुष्कळ. समोर उभी राहून."

"पेशंटला सांगितलंत?"

"नाही."

"आधी त्याला सांगा. तो हो म्हणाला तर उद्या मी पलीकडं उभा राहतो."

मी वॉर्डात जाऊन त्या माणसाच्या खाटेशेजारी बसले. त्याची बायको पेरू कापत होती. मी सांगितलं की ऑपरेशन मी करणार, मोठे डॉक्टर समोर राहून मला सांगतील आणि मी स्वतःच्या हातानं करायची ही पहिलीच वेळ.

"म्हंजी पयला नंबर माझाच की," तो म्हणाला.

"होय. नको वाटलं तर तसं सांगा. मोठे डॉक्टरच करतील."

त्यानं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "मोठं डाक्टर हायीत नव्हं तिथं? मग असू दे."

दुसऱ्या दिवशी मी ते केलं. दुप्पट वेळ लागला. दोनदा म्हाताऱ्या सरांनी माझा हात थांबवला, एकदा स्वतः करून दाखवलं आणि टाका उसवून पुन्हा मला घालायला लावला. चौथ्या दिवशी पेशंट घरी गेला. त्या संध्याकाळी मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो रागच. एवढंच तर होतं ते. टेबलाच्या पलीकडं एका माणसानं तासभर उभं राहायचं. तीन वर्षांत कोल्हापूरच्या सरांना तेवढंही जमलं नव्हतं.

गेल्या वर्षी मैत्रिणीचं लग्न झालं. पत्रिका आईच्या पत्त्यावर आली, म्हणून जाणं टाळता आलं नाही. कार्यालयात पहिल्याच रांगेत सर बसले होते. मला बघून उठले, शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. आता सीमाभाग गाजवतेय. हिला मी घडवलं." आईनं पदर सावरून त्यांना वाकून नमस्कार केला. मी हात जोडले. दुसरं काय करणार, मांडवात होते.

जेवणाआधी मैत्रीण मला खोलीत घेऊन गेली. अंगावर शालू, हातभर हिरवा चुडा. "मी घाबरले होते," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग माझ्यावर अजून राग आहे?"

मी खोटं बोलू शकले असते, तिचा लग्नाचा दिवस होता. "आहे," मी म्हणाले. "सरांवर आहे त्यापेक्षा जास्त. ते माझे सर होते. तू माझ्या खोलीत राहत होतीस."

तिनं मान हलवली. बाहेरून कुणीतरी तिला कन्नडमध्ये हाक मारली. ती गेली. मी पंगतीला बसले, आईच्या ताटात भात वाढून घेतला, आणि अडीचच्या एसटीनं आम्ही परत निघालो. मला दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ऑपरेशनं होती.